मुंगीवाली आत्या

"या घरात सुई आणाची नाही म्हटलं ना! तो डबा बाहेर ठेव... आत्ताच्या आत्ता!"

संघपालनं नुसतं म्हटलं नाही, तर बहिणीच्या हातातल्या निळ्या डब्याला असा हिसडा दिला, की झाकण उघडून आतल्या काचेच्या नळ्या वाडीतल्या त्या भाड्याच्या घराच्या उंबरठ्यावर खळ्ळकन फुटल्या... आणि चोपन्न वर्षांची गोपिका, तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात उभं आयुष्य काढलेली गोपिका, पायाशी विखुरलेल्या काचांकडे नुसती पाहत राहिली. तेरा वर्षांत सख्ख्या भावानं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

ती आपणहून आली नव्हती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी भाचीचा, दीक्षाचा, फोन आला होता. "आत्या, उद्या माहं साक्षगंध हाय. अन् बाबानं त्या लोकायले सांगितलं, का ऋषीदादा तापानं गेला. माही तपासणीसुद्धा करू देऊन नाही राहिले. तू ये वं... मले भेव वाटते."

ऋषी! ते नाव कानावर पडलं, की गोपिकेच्या काळजात अजूनही कळ उठे. संघपालचा थोरला मुलगा. नऊ वर्षांचं आयुष्य, त्यातलं अर्धं दवाखान्यात. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबाप दोघांकडून येतो. एकाकडूनच आला, तर माणूस धडधाकट राहतो, फक्त पुढच्या पिढीकडे तो पोचवू शकतो; अशाला वाहक म्हणतात. ऋषीला दोघांकडून आला. हाडं दुखायला लागली, की ते लेकरू तळमळे, आणि सलाईनची सुई टोचताना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. गोपिका त्याच्या हातावर फुंकर घालून म्हणायची, "मुंगी चावली बघ... गेली पळून!" मग तो रडता रडता हसायचा. तिचं नावच त्यानं ठेवलं होतं, मुंगीवाली आत्या.

आणि त्याच दिवसांत कधीतरी संघपालला गोपिकेच्या पेटीत एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड सापडलं होतं. नर्सिंग शिकताना मुली एकमेकींच्या बोटाला टोचून तपासणीचा सराव करायच्या, त्यात गोपिकेचं रक्त वाहकाचं निघालं होतं. कार्डावर तारीख होती संघपालच्या लग्नाच्या कितीतरी आधीची.

"तुले मालूम होतं! घरात हे रक्त हाय हे तुले मालूम होतं, अन् तू माह्यं लग्न होऊ देल्लं?" तो किंचाळला होता.

त्या क्षणी गोपिकेनं म्हाताऱ्या बापाकडे, धोंडबाकडे, पाहिलं होतं. कारण तिनं सांगितलं होतं! सोयरीक जुळत असताना तिनं बापाला हात जोडून सांगितलं होतं, की संघपालची अन् होणाऱ्या सुनेची, मेघाची, तपासणी करून घ्या. धोंडबा म्हणाला होता, झाकली मूठ सव्वा लाखाची. असं काही काढलं, तर मेघाच्या माहेरचे, कुहीचे लोक सोयरीक मोडतील आणि गावभर बोभाटा होईल. मग तिचा हात आपल्या गळ्याला लावून म्हणाला होता, "माह्या गळ्याची शपथ हाय तुले, तोंड उघडशील तर." ती गप्प बसली होती. आणि आता तोच बाप मान खाली घालून गप्प बसला होता...

बापाला या वयात मुलाच्या घराशिवाय ठाव नव्हता. तिला निदान नर्सांच्या क्वार्टरची एक खोली होती. गोपिका म्हणाली, "हो. मीच लपवलं."

त्या दिवसापासून हे दार तिला बंद झालं. ऋषी गेला त्या दुपारीही ती इस्पितळाच्या फाटकाशी उन्हात उभी होती. संघपालनं तिला वर येऊ दिलं नाही. पोराचं शेवटचं तोंडही तिनं पाहिलं नाही.

मग तिनं स्वतःला रविवारांत गाडून घेतलं. इस्पितळातल्या पाच-सहा जणी सुटीच्या दिवशी जीप काढून कुहीकडच्या गावांत जात. सकाळी शाळेत मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाची माहिती, दुपारी समाजमंदिरात रक्तदाब, साखर आणि सिकलसेलची तपासणी. कुणी बोलावलेलं नसे, कुणी हार घालत नसे. एकदा एका वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सिस्टर, लोकायची घाण काढावं लागते का जी?" बाकीच्या सिस्टर हसून विषय टाळणार, तोच गोपिका म्हणाली, "लागते, बाई. खोटं सांगून मले कोणाले बोलवाचं नाही. घाण काढावं लागते, शिव्या खावं लागते, अन् कधी सारं करूनही माणूस हातातून जाते. तरी जिले यावंसं वाटते, तिनं यावं."

अशाच एका भाषणाला दीक्षा कॉलेजात मागच्या बाकावर बसली होती. लायब्ररीत जाते असं घरी सांगून ती आठ महिने या सिस्टरांबरोबर गावोगाव फिरली, आणि नर्सिंगचा फॉर्मही भरून आली; स्वतःचं बोट मात्र भीतीनं कधी पुढे केलं नाही. परक्यांच्या लेकींना खोटं न सांगणारी ही बाई आपल्याच घरात एक खोटं उराशी धरून बसली आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार!

"पाहुणे गल्लीत आले जी!" आतून मेघा धावत आली. नवऱ्याला म्हणाली, "आता तमाशा नका करू. ताईले मी सैपाकघरात बसवतो." आणि केरसुणीनं काचा उंबरठ्याच्या कोपऱ्यात सारून तिनं नणंदेचा दंड धरून तिला आत नेलं. डबा गोपिकेच्या छातीशीच होता. त्यात दोन-तीन नळ्या शाबूत राहिल्या होत्या.

बाहेर 'जयभीम'ची देवघेव झाली, खुर्च्या सरकल्या. मुलाचे वडील बाबाराव निवृत्त शिक्षक, मोजकं बोलणारे. मुलगा प्रशिक विजेच्या कंपनीत. पातळाचा पदर सावरत दीक्षा पाण्याचा ट्रे घ्यायला सैपाकघरात आली आणि आत्याच्या गळ्यातच पडली.

"आत्या, मी त्यायले खरं सांगून टाकू का?"

"तुझं रक्त, बेटा. ते कोणाले सांगाचं ते तूच ठरवशील. आमच्या कामात दुसऱ्याचं कार्ड दुसऱ्याले दाखवत नाही. मी इथं बसलो आहो, तुले टोचाचं असंल तर टोचतो. बस."

तेवढ्यात संघपाल आत आला. त्याचा आवाज दबका होता. "काही सांगाचं नाही! धडधाकट हायेस तू. माह्या डोळ्यादेखत एक लेकरू गेलं, आता तुहं घर बसताना मले पाहू दे..." आणि त्यानं दीक्षाचा हात ओढून आपल्या गळ्याला लावला. "माह्या गळ्याची शपथ हाय तुले, तोंड उघडशील तर!"

सैपाकघराच्या दाराशी काठी टेकून धोंडबा उभा होता. पंचशील म्हणायला बोलवायला आला होता तो. त्यानं ते शब्द ऐकले. गोपिकेनं बापाकडे पाहिलं. या खेपेला त्यानं मान खाली घातली नाही.

घरातला वडीलधारा म्हणून पंचशील त्यानंच म्हणायचं होतं. मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. धोंडबानं खणखणीत सुरुवात केली. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही... पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला, 'मुसावादा' एवढा एकच शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि तो थांबला. खोटं बोलणार नाही, हे ते शील. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. कुणीतरी पुढचे शब्द सुचवले. धोंडबानं मान हलवली.

"विसरलो नाही गा मी. साठ वर्षं म्हणून राहिलो." तो वळून मुलासमोर आला. "संघपाल, तुह्या लग्नाच्या वक्ती गोपिकेनं मले सांगितलं होतं. तपासा म्हणे. हात जोडले तिनं. मीच तिले माह्या गळ्याची शपथ घातली... जशी तू आत्ता या पोरीले घातली, तशीच. तेरा वर्षं ती माह्या वाटणीच्या शिव्या खाऊन राहिली, अन् मी तुह्या घरचं अन्न खाऊन राहिलो. माह्या नातवाले मी मारलं, बापा... तिनं नाही!"

मेघाच्या तोंडून एक हुंदका फुटला. संघपालचा चेहरा पांढराफटक पडला. जिनं लपवलं म्हणून तिला उंबरठ्याबाहेर काढलं, तिनं लपवलंच नव्हतं. आणि आज लपवत होता तो स्वतः!

दीक्षानं जोडलेले हात सोडले. ती बाबारावांसमोर उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "काका, माहा भाऊ सिकलसेलनं गेला. माही तपासणी कधीच झाली नाही. आता करतो." आणि आतल्या दाराकडे वळून तिनं हाक मारली, "आत्या, ये वं."

गोपिका बाहेर आली. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात पडला. शिबिरात नळीच्या मागे रेघांचा कागद धरायचं काम दीक्षाचं असे. आज आपल्याच नळीमागे तिनं आपल्याच हातानं तो धरला. औषध निवळ राहिलं, तर मागच्या काळ्या रेघा दिसतात, म्हणजे रक्तात सिकलसेल नाही. पाच मिनिटं सगळे त्या रेघांकडे पाहत राहिले. औषध गढूळ झालं... रेघा दिसेनाशा झाल्या.

"मोठ्या दवाखान्यात पक्की तपासणी करावं लागंल," गोपिका म्हणाली, "पण प्रकृती ठणठणीत हाय, म्हणजे बहुतेक नुसती वाहक हाय. तिले स्वतःले काही धोका नाही."

कुणी न सांगता प्रशिकनं आपलं बोट पुढे केलं. त्याच्या नळीमागच्या रेघा काजळानं ओढल्यासारख्या स्वच्छ दिसल्या.

"मग अडचण नाही," गोपिका म्हणाली. "दोघांपैकी एकच वाहक असंल, तर लेकरायले हा आजार होत नाही."

बाबाराव उठले. त्यांनी आधी दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. मग संघपालकडे वळून म्हणाले, "पोरीत खोट नाही. रोग असता, तरी बसून बोललो असतो. पण तुम्ही आमाले मेलेल्या लेकराबद्दल खोटं सांगितलं. त्या घरात सोयरीक नाही करत मी." ते निघाले. प्रशिक दारात क्षणभर थांबला, दीक्षाकडे पाहिलं, काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात असावं... पण बापाच्या मागोमाग तोही पायऱ्या उतरून गेला.

मेणबत्त्या तशाच जळत होत्या. पेढ्यांचा डबा कुणी उघडला नाही. धोंडबा भिंतीला टेकून बसला होता आणि मेघा त्याला पाणी पाजत होती. जिचं लेकरू गेलं, तीच पाजत होती. दीक्षानं डोळे पुसले, डब्यातली सुई वेगळ्या पुड्यात नीट बांधली आणि आत्याला विचारलं, "येत्या रविवारी किती वाजता निघाचं?" ती हे बापादेखत विचारत होती.

संघपाल उंबरठ्याशी जाऊन उकिडवा बसला आणि सकाळच्या काचा हातानंच वेचायला लागला. एक तुकडा बोटात शिरला. रक्त भळाभळा आलं, तरी तो वेचतच राहिला. गोपिका धावली. तिनं त्याचा हात ओढून घेतला, काच काढली, कापूस दाबला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, काही नाही... मुंगी चावली."

संघपाल ढसाढसा रडायला लागला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, गोदामात ट्रकवाल्यांवर ओरडणारा माणूस, बहिणीच्या मांडीवर डोकं घालून लेकरासारखा रडायला लागला.

"ताई... एक गोष्ट सांगाची राहिली. त्या दिवशी... शेवटी... ऋषीनं तुले हाक मारली होती."

गोपिकेनं कापसावरून नजर उचलली.

"मुंगीवाली आत्या आली का, म्हणे. तीन डाव विचारलं त्यानं. तू खाली फाटकापाशी उभी होती, मले खिडकीतून दिसत होती, ताई... अन् मी त्याले म्हटलं, आत्या ड्यूटीवर हाय. मग त्यानं विचारलंच नाही..."

तेरा वर्षं ती स्वतःची समजूत घालत आली होती, की शेवटी शेवटी पोराला शुद्ध नसेल, आपली आठवणही झाली नसेल. त्या एका समजुतीवर ती जगली होती. तिला ओरडावंसं वाटलं, त्याचा हात झिडकारून द्यावासा वाटला, उठून त्याच तेरा वर्षांपूर्वीच्या फाटकाकडे धावत सुटावंसं वाटलं... पण कापसाखालून रक्त अजून येत होतं.

तिनं अंगठा आणखी घट्ट दाबला.

"हलू नको," ती म्हणाली. "थांबंपर्यंत मी धरून ठेवतो."