नाव न घेता

धंतोलीतल्या डॉक्टरांनी शेवंताच्या कानात, घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. चार वर्षांची पोर अजून एकही शब्द बोलत नव्हती. बोलेल तेव्हा बोलेल, म्हणाले. हसावं की रडावं, पंचफुलाला कळेना. त्या एका शब्दासाठी ती आणि नवरा चंद्रभान काटोलकडच्या गावाहून आले होते. पण नणदेचा नवरा विश्वनाथ, धरमपेठेत राहणारा कारकून, भारी हौशी गडी. आपण रजा टाकलीच आहे तर नागपूर पाहूनच घ्या, असं त्यानं दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं.

मग काय, दिवस नुसता उधळला. महाराजबागेत वाघानं जांभई दिली आणि चंद्रभान दोन पावलं मागे सरला. नणंद शामला पोट धरधरून हसली. अजब बंगल्यात, तिथल्या संग्रहालयात, विश्वनाथनं प्रत्येक मूर्तीपुढे व्याख्यान ठोकलं. त्यातलं निम्मं तिथल्या तिथे रचलेलं. सीताबर्डीवर शामलानं भावजयीला हिरव्या बांगड्या भरवल्या. आपण इतकं शेवटचं कधी हसलो, ते पंचफुलाला आठवेना.

एकच गोष्ट विश्वनाथला गमतीची वाटे. कुठूनही निघताना पंचफुला मागे वळून मोठ्यानं म्हणे, "शेवंता, चाल घरी." लेकरू जिथं खेळलं तिथून त्याला नाव घेऊन बोलावून न्यावं, नाहीतर त्याचा जीव तिथंच रेंगाळतो, असं सासूबाईंनी शिकवलेलं. पोर तर तिच्याच कडेवर असायची.

"वहिनी, वाघाले वाटन त्यालेच बोलावून राहिल्या," विश्वनाथ म्हणाला. सगळे हसले. पंचफुलाही हसली, पण तिचे कान तापले.

अंबाझरीला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. तलावाकाठच्या बागेत सतरंजी अंथरून मंडळी चिवड्यावर तुटून पडली. शेवंता जरा पलीकडे, चिंचेच्या झाडामागे खेळत बसली. हातातल्या भुईमुगाच्या शेंगांच्या तिनं दोन वाटण्या केल्या. एक स्वतः खाल्ली. दुसऱ्या वाटणीकडे पाहून ती अधूनमधून हसत होती.

पंचफुला उठून जवळ गेली. दुसऱ्या वाटणीची नुसती टरफलं उरली होती. खारीनं खाल्लं असेल, शामला बसल्या जागेवरून म्हणाली. टरफलं बोटांनी सोलल्यासारखी मधोमध उकललेली होती, नीट एकावर एक रचलेली. पण पोर इतकी खुशीत होती, की पंचफुलानं जास्त विचार केला नाही.

तेवढ्यात बस आली. सतरंजी, डबे, चपला, एकच धावपळ. थांब्यावर शामलाच्या ओळखीच्या बायका उभ्या होत्या, इस्त्रीच्या पातळांतल्या. त्यांच्यादेखत मोठ्यानं आवाज द्यायची पंचफुलाला लाज वाटली. शेवंताला कडेवर घेऊन पायरी चढता चढता तिनं झाडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं पुटपुटली, "चाल वं पोरी, घरी."

बस सुटली.

"माय," शेवंता म्हणाली.

शामलानं तिचे पटापट मुके घेतले. विश्वनाथनं अख्ख्या बसला पेढे कबूल केले. चंद्रभान तोंडाला उपरणं लावून रडू लागला. पंचफुलाला वाटलं, आता आपला ऊरच फुटणार.

"मले खिडकीपाशी बसव, माय."

शब्द कसे स्वच्छ, ठसठशीत. तिनं पोरीला खिडकीशी मांडीवर घेतलं. पोर वळून मागे पाहत राहिली.

"ती रडून राहिली," ती हळूच म्हणाली.

"कोन वं?"

"झाडामागची. तिले बोलताच येत नाही."

पंचफुलानं वळून मागे पाहिलं.

वळण अजून यायचं होतं, चिंचेचं झाड अजून दिसत होतं. ती नुसती ओरडली असती, तरी कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली असती. मागच्या बाकावर चंद्रभान विश्वनाथला पुन्हा पुन्हा विचारत होता, ऐकलं ना तुम्ही, ऐकलं ना.

पंचफुलानं खिडकीची काच लावून घेतली.

"आनखी बोल," ती म्हणाली.