मठातल्या चपला

आखातातल्या त्या शहरात, मिरकाब भागातल्या सुमेधा वर्तकांच्या घरी लीना आली ती मान खाली घालूनच. विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात सुमेधाबाईंची हयात गेली होती. आता ओळखीचे लोक आपली कोडी घेऊन येत. त्यांचे यजमान मोरेश्वर चहा करीत आणि सगळ्यांवर संशय घेत.

लीनाने चित्राची गुंडाळी उलगडली. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय चित्रावरून तिच्या मुलीने, मैथिलीने रंगवलेली मठातली प्रार्थना. काळोखं दालन, मागे एकच खिडकी, तिच्याकडे पाठ करून बाकांवर बसलेले संन्यासी.

"पावलं बघा. मैथिलीने चपला रंगवल्या होत्या. त्यावर कुणीतरी उजळ अनवाणी पाय रंगवलेत. आज खैतानला मराठी मंडळाच्या मुलांच्या स्पर्धेत तिने गुंडाळी उघडली आणि रडायलाच लागली. मोठ्यांचा हात लागला म्हणून चित्र बाद! समिती म्हणते, हे चित्रकलेच्या रबियाबाईंचंच काम. त्यांचा वर्ग बंद करणार आहेत."

"रविकांतना कळलं?" सुमेधाबाईंनी लीनाच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"ते ड्यूटीवर आहेत. फोनवर एवढंच सांगितलं की चित्र बिघडलंय आणि बाईंवर आळ आलाय."

रबियाबाई मूळच्या रत्नागिरीच्या. अब्बासिया भागातल्या त्यांच्या खोलीवर सुमेधाबाई आणि मोरेश्वर गेले, तर तिथे आज एकही मूल नव्हतं.

"गुरुवारी चित्र घरी दिलं तेव्हा चपला होत्या," त्या हळूच म्हणाल्या. "मुलांना मी पहिला धडा देते तो उजेड कुठून येतो ते शोधण्याचा. चित्रात हात घालणं मला शोभेल का?"

जिन्यात मोरेश्वर कुजबुजले, "अगं, हीच! मशिदीत चपला बाहेर ठेवतात ना?"

"अहो, मग तुम्ही देवळात बूट घालून जाता वाटतं?"

मोरेश्वर भराभर जिना उतरले.

रविकांत कंपनीच्या बसमधून उतरले, तेव्हा सुमेधाबाई त्यांच्या इमारतीखालीच उभ्या होत्या.

"मी चित्र उघडूनही पाहिलं नाही," रविकांत म्हणाले. " सकाळी गुंडाळी गाडीत ठेवली, झालं. मंडळातल्या कुणाचा फोनसुद्धा घेतला नाही. तोंड कसं दाखवू?"

"कुणी केलं असेल?"

"बाईंनीच. प्रार्थनेच्या जागी चपला खपल्या नसतील त्यांना."

सुमेधाबाईंनी रबियाबाईंना तिथेच बोलावून घेतलं. वर बैठकीत त्यांनी मैथिलीला दिव्याकडे पाठ करून उभं केलं.

"अहो, हिचा चेहरा कसा दिसतो?"

"काळा," मोरेश्वर म्हणाले.

"मग खिडकी मागे असताना ही पावलं पुढून उजळ कशी? उजेडाचा धडा शिकवणारी बाई ही चूक करणार नाही, तो शिकलेली मुलगीही नाही. आणि रविकांत, तुम्हाला 'चित्र बिघडलं आणि बाईंवर आळ आला' एवढंच कळलं होतं. चपलांचं कुठून कळलं?"

रविकांतनी चित्र स्वतःकडे ओढलं.

"रात्री मीच रंगवले ते पाय. चित्र मंडळाच्या गणपतीशेजारी लागणार होतं. वाटलं, चपलांवरून लोक नावं ठेवतील."

"आणि बाईंवर आळ आला तेव्हा?"

रबियाबाईंनी नजर खिडकीबाहेर वळवली. त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

"पप्पा," मैथिली म्हणाली, "मठात फ्लोअर फ्रीझिंग असतो, म्हणून चपला. यू कुड हॅव आस्क्ड मी."

रविकांतनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. "रबियाबाईंचा वर्ग बंद करू नका. ते चित्र..."

त्यांनी लीनाकडे पाहिलं. तिने फोन घ्यायला हात पुढे केला नाही. वाक्य त्यांनाच पूर्ण करावं लागलं.