गिंडीची बिजागरी

विमानातला पट्ट्याचा दिवा विझला, आणि मधुवंतीच्या शेजारच्या माणसानं समोरचा ट्रे उघडून त्याला कान लावला. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तस्सा. डोळे मिटून.

मधुवंती खिडकीशी होती. तिच्या ट्रेला चिमटा लावलेला, चिमट्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात पंखाखालचे ढग. ढग तरी असे की बघून पिंजाऱ्यानं धंदा सोडावा! शॉट ऐन रंगात आलेला, आणि हा बाबा ट्रे उघडतोय, मिटतोय, परत उघडतोय.

"काय मेली कटकट आहे!" ती पुटपुटली. चेन्नईहून कोलकात्याला निघालेल्या विमानात मराठी कोणाला कळतंय!

"कटकट नव्हे बाई, खडखड," तो कान न उचलता म्हणाला. "तीच शोधतों आहें."

मधुवंतीचा हात कॅमेऱ्याला लागला आणि ढग गेले ते गेलेच.

मराठी होती खरी, पण शब्द पणजोबांच्या पेटीतले आणि हेल मैलापूरच्या भाजीबाजारातला. नाव विचारलं तर म्हणे मानाजी. याच्या घराण्यातली माणसं तीनशे वर्षांपूर्वी कामासाठी तंजावरला गेली आणि परत यायचं विसरली.

"बाई नका म्हणू हो. सव्वीस वर्षांची आहे मी."

"मग काय म्हणूं?"

"काहीच म्हणू नका. दोन मिनिटं गप्प बसा. ढग संपतायत."

तो गप्प बसला. घड्याळात बघून बरोब्बर दोन मिनिटं. मग म्हणाला, "झालीं."

तिला हसू आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली, पण खिडकीच्या काचेत माणूस दिसतो, हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

दोन हजार आठ साल होतं. मधुवंती मूळची मिरजेची. पाच दिवस चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीत डोकं खुपसून बसायची आणि महिन्यातनं एकदा विमानात. कामाला नव्हे, फिल्म करायला. नऊ-दहा मिनिटांची फिल्म असायची, पण सिनेमासारखी. सकाळचं ऊन सीटांवरून कसं सरकतं, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात आकाश कसं दिसतं, आणि इडली गरम होती की नुसती गरम दिसत होती... सगळं असायचं. फिल्म इंटरनेटवर टाकायची, आणि जग बघायचं. जपानातला एक स्टेशनमास्तर तर तिची फिल्म बघितल्याशिवाय गाडीला झेंडा दाखवत नसे म्हणतात.

एका विमान कंपनीनं पत्र पाठवलं, वर्षभर फुकट उडा, आमचं नाव तेवढं गोड घ्या. मधुवंतीनं एका ओळीत उत्तर दिलं, 'आभार. माझं तिकीट माझ्याकडे आहे.'

एअर होस्टेसनं जास्तीचं चॉकलेट दिलं तरी परत करायची. असली कडक!

"कसली खडखड?" तिनं विचारलं.

मानाजी सरसावून बसला. चेन्नईतल्या गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत त्याची शेड होती, अकरा माणसं हाताखाली. पेलिकन एअरच्या या ट्रेची बिजागरी तिथंच घडायची. "आतां नव्या विमानांचीं बिजागरीं आम्हांसच मिळायचीं होतीं. इतक्यांत कोणी एक बाई इंटरनेटवर बोलली, ट्रे खडखडतो. झालें! कंपनी म्हणते, आवाज बंद करा, मग बोलूं. म्हणून तिकीट काढून बसलों. त्या बाईला एकदां भेटायचें आहे मला."

"भेटून काय करणार?"

"कान तपासायचे."

मधुवंतीनं केस पुढे ओढून कान झाकले. कारण ती बाई तीच. मागच्या महिन्यातल्या फिल्ममध्ये तिनं ट्रेचं थरथरणं जवळून दाखवलं होतं, आवाज ऐकवला होता, वर म्हटलं होतं, 'पेलिकननं सोबत तबलजी दिलाय, पण त्याला ठेका येत नाही.' लोक खूप हसले होते. गिंडीत अकरा माणसांना हसू आलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. आणि आज ती आली होती तेसुद्धा खडखड अजून आहे का, हे बघायलाच.

होती. टक-टक-टक, ढगांतून जाताना तर चांगलीच. मानाजीनं मान वाकवून तिच्या ट्रेला कान लावला. त्याचे केस तिच्या मनगटाला लागले. तिनं मनगट मागे घेतलं नाही. कॅमेरा हलला असता ना! म्हणून हो, दुसरं काय?

जेवण आलं तेव्हा तिनं चिमटा काढून मांडीवर ठेवला. मानाजी चिमट्याकडे बघत राहिला.

"हा कोठला?"

"रिची स्ट्रीटचा. स्क्रू मी बदलून घेतलेत."

"छान आहे," तो म्हणाला, आणि भाताला लागला.

कोलकात्याला सामानाच्या पट्ट्यापाशी तिनं एका दमात सांगून टाकलं, "ती बाई मी. पण ऐकलं ते ऐकलं, मी शब्द मागे घेणार नाही. टेपा दाखवते हव्या तर."

"कधीं?"

"रविवारी."

"सरी, बरें. आदितवारीं येतों," मानाजी म्हणाला. चिडला नाही, की कान तपासले नाहीत. नुसता हसला.

मधुवंती चेन्नईत सैदापेटला राजसबाईंकडे भाड्यानं राहायची. राजसबाईही तंजावरकडच्याच, सत्तरीच्या, आणि नजर अशी की भिंतीपलीकडचं दूध उतू जाताना दिसायचं. पहिल्या रविवारी त्यांनी मानाजीला त्याच्या खापरपणजोबांपर्यंत विचारून घेतलं, आणि मग कुठे आत घेतलं.

कॉम्प्युटरला हेडफोन एकच. एक कान तिचा, एक त्याचा. टेप चालायची, टक-टक-टक, आणि दोघं श्वास रोखून ऐकायची.

"परत लावा," मानाजी म्हणायचा.

"सहा वेळा झालं."

"सातव्यांदा कळेल."

दर रविवारी तो नवी बिजागरी घेऊन यायचा. एकदा रबराची चकती घातलेली, एकदा पितळी, एकदा अशी गुळगुळीत की मधुवंतीला वाटलं, ही ट्रेला न लावता गळ्यात घालावी. ती हातात घेऊन म्हणायची, "चांगली दिसते. पण आवाज विमानातच कळेल. आणि वाईट असेल तर वाईटच सांगीन हं."

"तुम्ही वाईट सांगतां तेंही बरें वाटतें," तो म्हणाला.

"मानाजीराव, कॉफी निवतेय."

चौथ्या रविवारी त्यानं खिशातून विमानाचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. पुढच्या महिन्याचं, तिच्या नावाचं. नवी बिजागरी तपासायला.

मधुवंतीनं ते बोटानं त्याच्याकडे सरकवलं. "तुमच्या तिकिटावर बसले तर मला आवाज वेगळाच ऐकू येईल. मी माझं काढते."

"शेजारची सीट तरी..."

"ती तुमची तुम्ही काढा," ती म्हणाली, आणि मग खाली बघून, "...सतरा बी."

पाचव्या रविवारी मानाजीला यायला उशीर झाला. राजसबाईंनी इडलीचं पीठ वाटायला ग्राइंडर लावला होता. ओल्या पिठात दगड फिरतोय, वर खिडकीतलं ऊन पडलंय, मधुवंतीला मोह झाला. ग्राइंडरच्या स्टुलाला चिमटा लावून तिनं वर कॅमेरा बसवला.

टक-टक-टक.

तिनं कॅमेरा काढला. टक-टक-टक. चिमटा काढला. नुसता ग्राइंडर घुरघुरत राहिला. परत लावला, टक-टक-टक. तोच ठेका. बिजागरीचा दोष तिळाएवढाही नव्हता! तिनंच बदललेला स्क्रू, तोच ढिला.

तिनं चिमटा काढून हातात धरला. सगळ्या जगाला तिनं खोटं सांगितलं होतं. फुकटच्या तिकिटाला विकली गेली नाही, चॉकलेटलाही नाही, आणि स्वतःच्या चिमट्यानं फसली!

"समजलें एकदांचें?" राजसबाई पीठ सारखं करत म्हणाल्या. "मानाजी मला पहिल्याच आदितवारीं बोलला होता, चिमटा वाजतो म्हणून. अय्यो, बोलूं नका म्हणाला, मी नाहीं बोललें."

त्या दिवशी मानाजी आला तेव्हा मधुवंतीच्या खोलीचं दार बंद होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती थेट गिंडीच्या शेडमध्ये. लेथ चालू, तेलाचा वास, अकरा माणसं काम करतायत. तिला बघून एकेक मशीन बंद होत गेलं.

"तुम्हाला विमानातच कळलं होतं?"

"होय. चिमटा काढला, आवाज गेला."

"आणि कंपनीला?"

"पत्र लिहिलें होतें. ते म्हणतात, आम्हांस पत्र नको, त्या फिल्मची दुरुस्ती पाहिजे. शनिवारपर्यंत."

"या शनिवारपर्यंत? आणि तुम्ही माझ्याकडे बसून कॉफी पीत होता? या अकरा जणांचं काय?"

मानाजीनं हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते. "मी सांगून तुम्ही शब्द फिरवला असता, तर लोक काय म्हणाले असते? बिजागरीवाल्यानें बाईला फितवलें. तुमचें तुम्हांला ऐकूं यायला हवें होतें. शुक्रवारपर्यंत नसतें आलें, तर सांगणारच होतों."

"हे एक कारण झालं. दुसरं?"

त्यानं स्वच्छ हात परत पुसले. अकरा माणसं छताकडे बघतायत. मराठी एकालाही कळत नव्हतं, पण कळायला मराठी कशाला लागतंय?

"दुसरें कारण... आदितवार," मानाजी म्हणाला. "आवाज सांपडला असता तर पुढल्या आदितवारीं मी काय निमित्तानें आलों असतों?"

मधुवंतीचा राग जायचा होता तेवढा गेला, पण तिनं तसं दाखवलं नाही. "चुकलं तुमचं," एवढंच म्हणाली, आणि निघून गेली.

मंगळवारी तिनं तीन मिनिटांची फिल्म टाकली. स्टूल, ग्राइंडर, चिमटा. लावला की वाजतो, काढला की गप्प. 'चूक माझी आहे. बिजागरी चांगली आहे. तबलजी मीच होते.' पुढे म्हणाली, 'आणखी एक सांगायला हवं. ही बिजागरी करणारा माणूस पाच रविवार माझ्या घरी येतोय. मी त्याच्याकडून काही घेतलेलं नाही. पण तो येईपर्यंत मी खिडकीत उभी असते. तेव्हा यापुढे पेलिकनच्या ट्रेबद्दल माझं ऐकू नका, दुसऱ्या कोणाचं तरी ऐका.'

निम्म्या लोकांनी टिंगल केली. बाई विकली गेली, असं तिघांनी लिहिलं. तिनं तिघांचंही वाचलं, आणि फिल्म तिथंच ठेवली.

बुधवारी संध्याकाळी सिरुसेरीच्या गेटबाहेर कंपनीच्या बसा रांगेनं उभ्या होत्या, आणि पहिल्या बसच्या दाराशी मानाजी. इस्त्रीचा शर्ट, कानामागे शेडमधलं तेल तसंच.

"शेडमधल्या सगळ्यांनीं पाहिली," तो म्हणाला. "ब्राउझिंग सेंटरवाला ओरडत होता, एका खुर्चीवर किती जण बसतां म्हणून."

"पेलिकनचं काय?"

"सकाळींच फोन आला. बिजागरीं आमचींच." त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. "पण तुम्ही साऱ्या जगाला सांगितलें. मला कोठें सांगितलें?"

"तुम्ही बघितली ना फिल्म?"

"फिल्ममध्यें मी 'बिजागरी करणारा माणूस' आहें."

जगाला ढगांवरून गोष्टी सांगणारी मधुवंती, आणि आता नजर बॅगेकडे! बॅगेचा पट्टा पिळून पिळून तिनं त्याचा दोर केला. बसमधून माना बाहेर आल्या.

"मानाजीराव," ती म्हणाली, "मला तुम्ही हवे आहात. पुढच्या रविवारी निमित्त आणू नका. नुसते या."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बस हलली.

"तुमची बस..." मानाजी म्हणाला.

"जाऊ दे," मधुवंती म्हणाली, आणि बॅग त्याच्या हातात दिली.