नव्या रिमोटची शिकवणी

डिशचा बॉक्स बदलायचा, एवढंच काम होतं.

जुना बॉक्स ताईचा. सगळ्या मालिका रेकॉर्ड करून ठेवायची आणि दुपारी एकेक बघत बसायची. ती गेली आणि तो सारखा अडकायला लागला. दुकानदार म्हणाला, "दुरुस्तीवर कशाला घालवता, मावशी? थोडे जास्त टाकले की नवा येतो. फक्त रिमोट जरा किचकट आहे. आणि जुनं रेकॉर्डिंग यात येणार नाही."

मी बरेच दिवस घोळ घातला. खर्च झेपणारा होता, पण त्या रिमोटवर बटणंच बटणं! शेवटी म्हटलं, घरात बोलणारं कुणी नाही, निदान टीव्ही तरी धड चालू दे. घेऊन टाकला.

माणूस बसवून गेला त्याच संध्याकाळी मी आत भांडी विसळत होते. बाहेर टीव्ही आपोआप लागला. येऊन बघते तर मेनू उघडलेला, आणि निवडीची पिवळी चौकट खाली-वर फिरतेय. रेकॉर्डिंगवर येते, थांबते. यादी रिकामी. मागे जाते, पुन्हा येते. मध्येच आवाज वाढतो, भाषा बदलते... आणि चूक झाल्यासारखं घाईघाईने परत पहिल्यासारखं. रिमोट स्टुलावर पडलेला. त्याची बटणं मात्र एकेक करून आत दबत होती.

खोलीत ओल्या लोकरीसारखा वास कोंडला होता.

मग रोज तेच. भीती वाटायची, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त पोटात तुटायचं. बिचारी ताई तिच्या मालिका शोधतेय, आणि तिला सापडत नाहीयेत.

एके संध्याकाळी मी दिवा लावला आणि स्टुलाशेजारी जाऊन बसले.

"ताई, ते नको गं दाबूस. आधी मधलं गोल... आता खाली. मालिका लागली की लाल, ते रेकॉर्डचं. हं, अस्सं. घाई नको करूस."

चौकट थबकली. मग मी सांगेन तशी, अगदी शहाण्या मुलासारखी हलू लागली. कितीतरी दिवसांनी मी घरात कुणाशी तरी बोलत होते. त्या रात्री गाढ झोप लागली.

सकाळी यादीत एक रेकॉर्डिंग होतं. चॅनेल नाही, नाव नाही. लावलं. काळाकुट्ट पडदा, आणि त्यामागून माझाच आवाज... "ताई, ते नको गं दाबूस..."

मी ते तिथेच थांबवून दुकानदाराला फोन लावला.

तो हसला. "काहीतरीच, मावशी! बॉक्सला माइकच नसतो. खोलीतलं बोलणं त्यात येईलच कसं?"

फोन ठेवला. पुढचं ऐकायला नको होतं, पण बोट बटणावर गेलंच. माझं बोलणं संपलं. बराच वेळ नुसता श्वास... संथ, जड. मग अगदी कानाशी तोंड आणून म्हणावं तसं, हळूच...

"शिकलो."

आम्ही दोघी बहिणीच. या घरात पुरुषमाणूस कधी राहिलेलाच नाही.