कोटाच्या खिशातला चिखल

बाळांनो, जरा डोळे मिटा.

एक लांबट, ओलसर खोली समोर आणा. एका भिंतीला कपडे धुण्याचं, पट्ट्यावर फिरणारं मोठं लोखंडी पिंप, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल. सगळीकडे साबणाचा वास. रात्र नाही हं. भर दुपार आहे, बाहेर लख्ख ऊन पडलंय.

जे घडलं ते तिथेच घडलं. मी त्यात पदरचं काही घालणार नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याने मला सांगितलंय, आणि आत्या आजही कुठल्याच कोटाच्या खिशात हात घालत नाही. स्वतःच्यासुद्धा नाही.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरात सगळे तिला ठमी म्हणत.

तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, लाँड्री होती. तिथला एक नियम कधी मोडत नसे. कपडा पाण्यात जायच्या आधी त्याचे खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते बशीत ठेवायचं आणि ज्याने कपडा आणला त्याच्या हातात द्यायचं. चिंधी असो नाहीतर दगड.

हे काम ठमीचं.

त्या दुपारी नगरभवनाचे सचिव स्वतः आले. एका हाताने नाकाला रुमाल. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत एक जाडजूड लोकरी कोट, मेलेला उंदीर धरावा तसा.

तो एका सैनिकाचा कोट होता. स्वातंत्र्याच्या लढाईत गावातला एक मुलगा गेला, तो परत आलाच नाही. हा कोट तेवढा आला. कित्येक वर्षं तो काचेच्या कपाटात होता. छातीवर तळहाताएवढा काळपट डाग.

"हा डाग गेला पाहिजे," सचिव म्हणाले. "उद्या चौकात सोहळा आहे. तुमची ही चिमुरडीच कोट घालून उभी राहणार ना? काय गं, सैनिकाचं वाक्य पाठ झालं का?"

ठमीने मान ताठ केली. "मी हसत हसत मरतो, तुम्ही सुखाने जगा!"

महिनाभर ती आरशासमोर तेच म्हणत होती. शाळेतल्या सगळ्यांतून तिची निवड झाली होती.

"वा! पण दात दिसू देत. हसून म्हणायचं."

वडील डागावर बोट फिरवत होते. "साहेब, हे रक्त आहे त्याचं. राहू द्यावं का?"

"अहो, पाहुणे पहिल्या रांगेत बसणार. मग जेवायला जाणार. रक्त बघून घास उतरेल का त्यांच्या घशाखाली?" सचिव दारातच वळले. "आणि भवनाचे पडदे, चादरी सगळं तुमच्याकडेच येतं, विसरू नका."

वडिलांनी कोट घेतला. सचिव गेल्यावर म्हणाले, "आपण डाग काढतो, ठमे. प्रश्न काढत नाही. बघ खिसे."

ठमीने उजव्या खिशात हात घातला...

आत ओलं होतं.

कोरड्या कपाटातल्या कोटात गार, चिकट चिखल! तिने तो बशीत काढला. पुन्हा हात घातला. पुन्हा तेवढाच चिखल. त्याला कुजकट वास होता, आणि त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं.

ठमीने हात झटकला. "बाबा, शी! हे संपतच नाहीये!"

"लोकरीला कसर लागली असेल," वडील म्हणाले. पण बशीकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी कात्रीने कोटाची बटणं उसवली. लोखंडावर आपटून फुटतात म्हणून ती नेहमी आधी काढत. बटणं बशीत पडली. रक्ताच्या डागाला गरम पाणी चालत नाही, डाग पक्का होतो. म्हणून पिंपात बर्फासारखं गार पाणी भरलं, मीठ टाकलं आणि कोट आत बुडवला.

पिंप फिरू लागलं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला...

कट्. कट्. कट्कट्कट्.

"बटणं वाजताहेत," ठमी म्हणाली.

मग तिचं लक्ष बशीकडे गेलं.

बटणं बशीतच होती.

बाळांनो, हिवाळ्यात गार पाण्याने आंघोळ केली की आपले दात कसे वाजतात? अगदी तसा आवाज. आणि त्यातून एक बारीक, फुटलेला सूर...

"थंडी वाजतेय... आईला बोलवा ना..."

ठमीने वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा साबणासारखा पांढरा पडला होता.

"पट्टा घासतोय पिंपाचा," ते म्हणाले.

पिंप तर केव्हाच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोट स्वच्छ होता. डागाचा मागमूस नाही. सचिवांनी तो उलटसुलट करून पाहिला. "आता कसा नवाकोरा दिसतो! वीराला शोभेल असा."

चौकात गर्दी होती. पहिल्या रांगेत पाहुणे पाय पसरून बसले होते. एक दात कोरत होता. एक बसल्या बसल्या पेंगत होता. "आटपा लवकर, जेवण गार होतंय," कुणीतरी म्हणालं आणि सगळे फिदीफिदी हसले.

ठमी मंचावर उभी राहिली. कोट घोट्यापर्यंत लोंबत होता. वरून कोरडा, पण आतलं अस्तर ओलंचिंब, पाठीला चिकटलेलं. तोच कुजकट वास.

मंचाच्या पायरीपाशी सचिव ओठ फाकवून खुणावत होते. हास. हास ना!

हात लपवायला म्हणून ठमीने तो खिशात घातला...

आत कुणीतरी तिची बोटं धरली.

गारठलेला हात होता तो. घट्ट धरून होता. आणि त्याची नखं कुरतडलेली होती, शाळेतली मुलं कुरतडतात तशी.

हा कुणी मोठा माणूस नव्हता, हे ठमीला तेव्हा कळलं. आणि हा हसत गेला नव्हता.

आत्या म्हणते, त्या क्षणी तिची चिखलाची किळस संपली. आता किळस आली ती समोरची रांग पाहून. त्या दात कोरणाऱ्याला पाहून. कोटाच्या त्या धुतलेल्या छातीला पाहून.

"बोल की गं!" सचिव खेकसले.

गर्दीच्या मागे वडील हात जोडून उभे होते. ठमीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली नाही. हळूच मान हलवली.

ठमी मंचावरून खाली उतरली. खिशातला हात बाहेर काढला. मूठभर चिखल, टपटप गळणारा. ती थेट सचिवांसमोर गेली आणि लाँड्रीत रोज म्हणायची तसं म्हणाली,

"साहेब, कोट तुम्ही आणलात ना? हे खिशात होतं. हात पुढे करा."