अकरा नावांचं गाणं

टिल्बाने ओस्लाकला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या हातात डुकरं हाकायची काठी होती. आणि ती काठी तिने सरळ त्याच्या छातीवर टेकवली.

"हलायचं नाही!"

तो हलला नाही. ओकच्या झाडीतून तो नुकताच बाहेर आला होता. गुडघ्यापर्यंत दलदलीचा चिखल, दाढीत अडकलेलं एक वाळकं पान, आणि अंगावरच्या झग्यातून ठिबकणारं पाणी... आत्ताच गारा पडून गेल्या होत्या. गवतावर त्या अजून पांढऱ्या पांढऱ्या दिसत होत्या.

"वाट सोडून रानातून येणाऱ्या परक्याने ओरडत यायचं असतं, नाहीतर शिंग फुंकत," टिल्बा म्हणाली. "आमच्या या लिंडसी मुलखात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. गुपचूप आला तो चोर. आणि चोराला मारलं तर कोणी जाब विचारत नाही."

"मग... मारताय का?"

"विचार करतेय."

"जरा लवकर करा. पाय गारठलेत माझे."

टिल्बाला हसू आलं. तिने ते ओठांत दाबलं, पण डोळ्यांतून निसटलंच. आता त्याच्यावर जरब कशी बसणार!

"ओरड आता," ती म्हणाली.

"आता? उशीर नाही झाला?"

"मी ऐकलं की झालं. ओरड."

त्याने छाती भरून घेतली आणि हाक मारली. आवाज असा चिरकला, की काय सांगावं! डुकरांनी ओकची फळं खाता खाता मान म्हणून वर केली नाही.

"हे ओरडणं?"

"सवय मोडलीय," तो ओशाळून म्हणाला. "वर्षभर कोणाला हाक मारायची वेळच नाही आली."

हे त्याने हसत सांगितलं होतं. पण टिल्बाने काठी खाली घेतली. का, ते तिलाही कळलं नाही.

टिल्बाचे वडील डुड्डा म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याचा गोळा. पाहुणा म्हटला की आधी भाकरी, मग चौकशी, असा त्यांचा खाक्या. पण कायदा त्यांना तोंडपाठ होता.

"दोन रात्री खुशाल राहा," ओस्लाकपुढे मटाराच्या घट्ट साराचा वाडगा सरकवत ते म्हणाले. "तिसऱ्या रात्री माझ्या छपराखाली निजलास, तर तू माझ्या घरचा माणूस. तू काही केलंस तर निस्तरणार मी. तेव्हा तिसऱ्या रात्रीच्या आत मला सांगायचं, तू कोणाचा कोण. नाही सांगितलंस तर चालू लागायचं. राग नाही ना?"

"राग कसला? मी ओस्लाक. सांबरशिंगाचे कंगवे करतो."

"आणि मालक कोण तुझा?"

"सार फार छान झालंय," ओस्लाक म्हणाला.

डुड्डांच्या भुवया वर गेल्या. मालकाशिवाय माणूस म्हणजे मुळाशिवाय झाड. कुठे टेकवावं त्याला?

टिल्बा मात्र बघत होती. बघायचं नाही, बघायचं नाही असं ठरवून बघत होती. आख्खा बाक रिकामा असताना हा माणूस अगदी टोकाला अंग चोरून का बसलाय? आणि बाही वर सरकली तेव्हा दंडावर गोलाकार फिकट वळ दिसला तो कसला? असा वळ सोन्याच्या कड्याचा असतो. कडं मालक देतो, आपल्या शूर माणसाला, भरल्या दालनात, सगळ्यांसमोर. कंगवेवाल्याला कोण देतंय?

"एवढं काय टक लावून बघतेस?" बेब्बा आत्याने तिच्या कानात विचारलं.

"दाढीतलं पान बघतेय. अजून तिथेच आहे."

"मग काढ जाऊन," आत्या म्हणाली आणि टकळीला लोकर लावत मिश्कील हसली.

दुसऱ्या दिवशी ओस्लाक मागल्या कुंपणाला फांद्या विणत बसला होता. टिल्बा त्याला भाकरी न्यायला निघाली — म्हणजे भाकरी नेणं हे निमित्त, हे काय सांगायला हवं? गोठ्याशी पोचली आणि तिथेच थबकली.

तो गात होता. समोर ऐकायला दोन बैल.

*बाक बांधला बाराजणांचा, बसायला मी एकटा.*
*सरकून बसतो सवयीने, सख्यांना जागा सोडतो...*

टिल्बाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. दुःख तिला नवं नव्हतं. आई गेली तेव्हा ती भिंतीवर डोकं आपटून रडली होती. पण दुःखाला कोणी इतकं नीट, इतकं घट्ट विणू शकतं? प्रत्येक ओळीत एकाच आवाजाचे शब्द एकमेकांना हात देत उभे होते, आणि त्यांच्या आधाराने तो माणूस उभा होता. तिला वाटलं, लढाया जिंकणारे पुष्कळ पाहिले, पण हा जे करतोय ते त्यांच्यातल्या एकाला तरी जमेल का?

मग नावं आली. इब्बा, ज्याला पोहता येत नव्हतं. पुट्टा, जो झोपेत हसायचा. वीला आणि त्याचा भाऊ... अकरा नावं. संपली की पुन्हा पहिल्यापासून. टिल्बा तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत तिथेच उभी होती. तिच्या नकळत तिचे ओठ हलायला लागले होते.

"भाकरी बैलांना आणलीय का?" त्याने मागे न बघता विचारलं.

टिल्बा लाजून लाल झाली. "तुला कसं कळलं?"

"बैल माझ्याकडे बघायचे थांबले."

ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. मग तिने हळूच विचारलं, "कोण होते ते?"

"कोणी नाही. गाणं आहे एक."

"ओस्लाक..."

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. वर्षभरानंतर स्वतःचं नाव ऐकलेला माणूस कसा दिसतो, ते टिल्बाने तेव्हा पाहिलं.

मग त्याने सांगितलं. हंबर नदीपलीकडचा हुनफ्रिथ त्याचा मालक. शत्रूने गढीला वेढा घातला. मालकाची म्हातारी आई आत होती. मालक म्हणाला, ओस्लाक, होडी तुझ्याइतकी कोणाला वल्हवता येत नाही, आईला पल्याड मठात पोचव. तो म्हणाला, दुसऱ्याला पाठवा. मालक म्हणाला, हा माझा हुकूम आहे. त्याने म्हातारीला पोचवलं. परत आला तेव्हा... राख होती. मालक आणि अकराजण. त्याने एकट्याने त्यांना पुरलं. स्वतःचं कडं मालकाच्या हाताशी ठेवलं.

"मालक पडला आणि हा जिवंत कसा? जिथे जातो तिथे हाच प्रश्न," ओस्लाक म्हणाला. "म्हणून मी मालकाचं नाव घेत नाही. तुझ्या आत्याच्या नवऱ्याचं गाणं काल ऐकलं मी."

बेब्बा आत्याचा नवरा टिडा आपल्या मालकाच्या पायाशी लढत पडला होता. चाळीस वर्षं झाली. त्याचं गाणं या घरात दर सणाला आणि पाहुणा आला की व्हायचं, आणि आत्या ताठ मानेने ते ऐकायची.

"त्याच बाकावर बसून सांगू, की मी जगलो?" त्याने विचारलं. "नको. उद्या दिवे लागायच्या आत निघेन."

"नाही!"

तो बघतच राहिला. टिल्बाने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"म्हणजे... कुंपण अर्धं राहिलंय," ती म्हणाली.

"कुंपण उद्या दुपारपर्यंत होईल."

"एवढं भराभर नाही विणायचं. कच्चं राहतं."

आता तो हसला. खरंखुरं, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू. आणि टिल्बाला कळून चुकलं, की हा माणूस गेला तर हे घर, ही डुकरं, हा सगळा हिवाळा... कशातच काही राम राहणार नाही.

"उद्या संध्याकाळी शेजारी जमतील," ती घाईघाईने म्हणाली. "जनावरं कापायचा महिना सुरू होतोय, मेजवानी असते. हार्प हातोहात फिरेल. ज्याच्या हातात हार्प, त्याला गाणं संपेपर्यंत कोणी अडवत नाही. प्रश्न विचारत नाही. बोलून सांगायला जमत नाही ना तुला? मग गाऊन सांग."

"आणि गाणं संपल्यावर?"

"संपल्यावर मी तिथे असेन," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दालन माणसांनी फुललं. चुलाण्यावर डुकराचं मांस रटरटत होतं. टिल्बा जवाच्या दारूची घागर घेऊन हिंडत होती, आणि तिचं अर्धं लक्ष बाकाच्या टोकाकडे होतं. दिवे लागले होते. तो गेला नव्हता!

हार्प फिरत फिरत ओस्लाकपाशी आली. शेजारचा बोसा खो खो हसला. हा बोसा गेली दोन वर्षं टिल्बासाठी डुड्डांचे उंबरे झिजवत होता.

"कंगवेवाल्या, तू काय गाणार? उवांचं गाणं?"

सगळे हसले. ओस्लाकने तारेवर बोट ठेवलं, आणि तो गायला लागला.

हा तोच आवाज, जो रानात चिरकला होता? काल बैलांपुढेही तो असा मोकळा झाला नव्हता. भरदार, खोल, जराही न थरथरणारा. गाण्यातली होडी नदीत शिरली तशी माणसं हसायची थांबली. म्हातारी होडीत वळून वळून मागे बघत होती, त्या ओळीला बोसाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मग नावं सुरू झाली. प्रत्येकाला एक ओळ, एकेक खूण. इब्बा, पुट्टा, वीला... सातवा... आठवा...

आणि तो थांबला.

बोटं तारेवर होती. ओठ हलत होते. नववं नाव काही केल्या बाहेर येईना. दालनात सगळे श्वास रोखून बसले होते. मधे बोलायचं नाही हा नियम. पण ओस्लाकचा चेहरा... बुडणाऱ्या माणसाचा असतो तसा झाला होता.

"हेम्मा," टिल्बा म्हणाली. "हेम्मा, ज्याने आपल्या घोड्याला कधी चाबूक लावला नाही."

दालनातल्या सगळ्या माना वळल्या. घागर कमरेवर घेऊन उभी असलेली डुड्डांची पोर, हार्पवाल्याच्या मधे बोलली! आणि तिला याचं गाणं पाठ कसं? डुड्डांच्या भुवया कपाळ सोडून जायच्या बेतात होत्या. टिल्बाचे कान तापले, पण तिने मान खाली घातली नाही.

ओस्लाकने तिच्याकडे पाहिलं. "हेम्मा," तो हळू म्हणाला, आणि पुढे गायला. दहावा. अकरावा. राख. कडं. संपलं.

"म्हणजे मालक मेला," बोसा म्हणाला, "आणि हा जिवंत. वा रे मर्द!"

सगळे बेब्बा आत्याकडे बघत होते. या घरात या गोष्टीवर बोलायचा पहिला मान तिचा. आत्या टकळी बाजूला ठेवून उठली, सावकाश चालत ओस्लाकपुढे येऊन उभी राहिली. तो मान खाली घालून बसला होता. आता ही थुंकणार, असंच त्याला वाटलं असावं.

"त्या म्हातारीचं काय झालं?" आत्याने विचारलं.

"मठात आहे. सुखरूप आहे."

"मुलाला पुरल्याचं तिला कोणी सांगितलं?"

"मी."

आत्याने मान डोलावली. मग तिचा आवाज एकदम फुटला.

"टिडाच्या गाण्याला मी चाळीस वर्षं माना डोलावल्या. आज सांगते. त्याच्या मालकाने त्याला असा काही निरोप देऊन घरी धाडलं असतं ना... तर मी त्या मालकाचे पाय धुतले असते! मला गाणं नको होतं रे. मला तो हवा होता." तिने डोळे पुसले आणि बोसाकडे वळली. "मरायला सांगितलं तर मरणारे रग्गड असतात. जगायला सांगितलं म्हणून जगून दाखवणं, एकट्याने, अकराजणांना पोटाशी धरून... तुला एक हिवाळा जमेल का, बोसा?"

बोसा ताटात बघायला लागला.

डुड्डा खाकरले. त्यांचे डोळे ओले झाले होते, म्हणून आवाज मुद्दाम चढवला. "सगळ्यांनी ऐका! आजची तिसरी रात्र. हा ओस्लाक, हुनफ्रिथचा माणूस, आजपासून माझ्या घरचा. याच्या वागण्याला मी जबाबदार. आणि टिल्बे, तिथे खांबासारखी उभी काय राहिलीस? तुझ्या पाहुण्याचा पेला रिकामा आहे!"

दालनात हशा पिकला. टिल्बाने पेला भरला, आणि अर्धी दारू त्याच्या गुडघ्यावर सांडली. तो रडत होता. सगळ्यांसमोर, तोंड न लपवता रडत होता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

सकाळी दहिवर पडलं होतं. कुंपणापाशी टिल्बा आली, तर हा कालचंच विणलेलं उसवून पुन्हा विणत होता.

"हे काय?"

"कच्चं राहिलं होतं," ओस्लाक गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मग त्याने फांदी खाली ठेवली. "टिल्बा... तुला एक विचारायचंय. पण लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवऱ्याने बायकोला काहीतरी द्यायचं असतं. लोक जमीन देतात, गाई देतात. माझ्याकडे..." त्याने रिकामे हात पुढे केले.

"कंगवा तरी?"

"कंगवे मला येत नाहीत. थाप होती ती."

टिल्बा इतकी हसली, की बैल दचकले. "मग गाणं दे."

"मला सुखाची गाणी येत नाहीत. एकच येतं. तेही असं..."

"तेच दे," ती म्हणाली. त्याचे गारठलेले हात तिने आपल्या हातांत घेतले. "रोज गा. जन्मभर गा. फक्त आता बैलांना नाही, मला ऐकव."