हरेल त्याने दोर बघायचा

नव्या लॅपटॉपवर होड्यांच्या शर्यतीचा तो जुना गेम लावला, की होड्या सुटताक्षणी काठावर आपटून फुटायच्या. किरणला त्यात नवल वाटलं नाही. तेव्हाचे गेम प्रोसेसरच्या वेगावर चालायचे. मशीन जितकं तेज, तितका खेळ पिसाळलेला. त्याला मात्र तो अगदी लहानपणीसारखा हवा होता, लेकीला, नेत्राला दाखवायला. एकदा डोक्यात घेतलं की सोडेल तो किरण कसला!

घाटकोपरच्या एका भंगारवाल्याकडून त्याने जुना कॉम्प्युटर, डबा मॉनिटर आणि कीबोर्ड आणला. त्यात पेंटियम प्रोसेसर लावून पाहिला, तरी वेग जास्तच. शेवटी त्याहून जुना, संथ फोर-एटी-सिक्स हाती लागला आणि वर्सोवा कोळीवाड्यातल्या त्याच्या माडीवर, खाडीकडच्या खिडकीपाशी, लाल आणि निळी, दोन्ही होड्या कशा अलगद सरकू लागल्या.

"झकास!" किरण एकटाच ओरडला.

निळी होडी सम्यकची असायची, त्याच्या धाकट्या भावाची. दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचे आणि त्यांचा एक नियम होता: हरेल त्याने भरतीच्या वेळी खाली जाऊन बापाच्या होडीचा दोर बघायचा. एका दुपारी सम्यक हरला आणि गेला. दोर पक्का बांधलेला मिळाला, सम्यक मिळाला नाही. त्याच वर्षी होडी विकली. त्या नियमाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही, नेत्राजवळ तर नाहीच.

नेत्रा पहिल्यांदा एकटी खेळायला बसली, तेव्हा निळी होडी आपोआप हलली.

"बटण अडकलं असेल," म्हणत किरणने कीबोर्ड बदलला. होडी चालतच राहिली, प्रत्येक वळण काठाला घासून घेत. तसं वळण फक्त सम्यक घ्यायचा. किरणने पेंटियम बसवला, होडी ठप्प. फोर-एटी-सिक्स परत बसवला, होडी चालू. दुसरा कुठलाच वेग तिला मानवत नव्हता. तरी त्याला प्रोसेसर काढवेना. ती वळणं त्याला अजून बघायची होती.

त्याची आई, अंजनाबाई, दारात सुके बोंबील निवडत होती. तिने पडद्याकडे एकदाच पाहिलं.

"बंद कर ते, किरण."

"आये, जुनं मशीन आहे गं. काहीतरी लूज असेल."

"मग डावीकडची बटणं पूस. ओली झालीत."

सम्यकची बटणं डावीकडची. किरणने त्यांवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट लागलं.

रविवारी दुपारी भरती होती. किरण चहा गाळत होता.

"बाबा, मी हरले," नेत्रा म्हणाली.

"हरू दे. परत खेळ."

"नाही ना. आता दोर बघायला जायचंय."

ती चपला घालत होती. किरणने गाळणं टाकलं, धावत जाऊन तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने वायर उपटली. पडदा काळा झाला.

"तुला हे कुणी सांगितलं?"

नेत्राने आपल्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"सोड ना बाबा. तो खाली थांबलाय."

अंजनाबाई उठली. पदर खोचला.

"पोर हाय ती. तिच्या वाटचं मी जाते."

"आये, आपली होडीच नाहीये आता!"

तिने ऐकलं नाही. पलंगाखाली हात घालून तिने होडीचा दोर ओढून काढला. किरण बघतच राहिला. तो दोर होडीबरोबरच गेला होता. घेणाऱ्याच्या हातात त्याने स्वतः दिला होता.

दोरातून पाणी ठिबकत होतं.